शेततळ्यातील हवा-विसरक : घेण्यापूर्वी थोडा हिशेब

राज्यात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यापासून शेततळी पुष्कळ गावांतून दिसू लागली आहेत, आणि त्यांपैकी बरीचशी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली आहेत. फळबागेस उन्हाळ्यात पाणी मिळावे हा त्यांचा मूळ हेतू. परंतु साठविलेले पाणी महिनेच्या महिने नुसते उभे राहते, तेव्हा त्यात कटला, रोहू, मृगळ अथवा पंगस सोडून चार पैसे मिळवावेत असे शेतकऱ्यांस वाटणे स्वाभाविक आहे. हा विचार योग्यच होय. मात्र मासे सोडल्यावर केव्हा तरी अशी एक पहाट उगवते की, सबंध तळ्यातील मासे पृष्ठभागावर येऊन तोंडांची उघडमीट करू लागतात आणि ऊन वर येईपर्यंत त्यांतील मोठमोठे मासे उलटे होऊन तरंगताना आढळतात. वर्षाची मेहनत व खाद्यावरील सर्व खर्च एका रात्रीत बुडतो. त्यानंतर आठवड्याच्या आत तो शेतकरी तालुक्याच्या गावी जाऊन पाण्यात हवा सोडण्याचे यंत्र विकत आणतो.

हे यंत्र म्हणजे हवा-विसरक. बाजारात त्याला डिफ्यूझर म्हणतात. ते उपयुक्त आहे याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु ज्या समजुतीने ते घेतले जाते आणि ज्या वेळी ते चालविले जाते, त्यांविषयी स्पष्टपणे लिहिणे अगत्याचे झाले आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास यंत्राचा सल्ला देण्यापूर्वी त्याच्या तळ्याचा पहाटेचा प्राणवायू मोजावा, तळ्यावरील भार कमी करता येतो का हे पाहावे, आणि मगच यंत्राचा विचार करावा, असे आमचे मत आहे. सध्या हा क्रम बहुधा उलटा चालतो.

प्रथम विसरकाचे कार्य समजून घेऊ. हवेत घनफळाने २१ टक्के प्राणवायू असतो. एक लिटर हवेत तो सुमारे २८० मिलिग्रॅम भरतो. उलट ३० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो हवेतून घेऊन जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच विरघळून राहू शकतो; म्हणजे हवेच्या सदतिसाव्या हिश्श्याइतका. पाणी २० अंशांपर्यंत थंड असेल तर हे प्रमाण नऊ मिलिग्रॅमपर्यंत जाते. उन्हाळ्यात माशाची भूक व श्वसन दोन्ही वाढतात आणि नेमक्या त्याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती घटते, हा निसर्गाचा मोठा चमत्कारिक व्यवहार आहे.

दुसरी अडचण अशी की, हा प्राणवायू पाण्यात आपण होऊन फार हळू उतरतो. पाणी अगदी निश्चल असेल, त्यात कसलाही प्रवाह नसेल, तर पृष्ठभागावरील प्राणवायूस केवळ स्वतःच्या गतीने एक मीटर खाली जाण्यास कित्येक वर्षे लागतील. प्रत्यक्षात वाऱ्याने लाटा उठतात, रात्री वरचे पाणी थंड होऊन खाली बसते, त्यामुळे काम चालते. परंतु चोहोंबाजूंनी उंच बांध घातलेल्या तळ्यात वारा पाण्यास क्वचितच नीट शिवतो. तेव्हा हवेचा व पाण्याचा स्पर्श वाढविणे आणि पाणी हलते ठेवणे ही दोन कामे कोणीतरी करावी लागतात. विसरक ती दोन्ही करतो.

काठावर एक ब्लोअर असतो. तो हवा नळीतून तळाशी ढकलतो. तेथे सच्छिद्र दगड, भाजलेल्या मातीची तबकडी, बारीक छिद्रांची रबरी नळी, अथवा बारीक चिरा पाडलेला रबरी पडदा ताणून बसविलेली थाळी असते. हवेच्या दाबाने पडद्याच्या चिरा उघडतात आणि हवा बंद होताच मिटतात, म्हणून पाणी व गाळ आत शिरत नाही. या छिद्रांतून हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. बुडबुडा वर चढत असताना त्याच्या पातळ कडेवर हवा व पाणी एकमेकांस भेटतात आणि प्राणवायू पाण्यात जातो.

येथे आकाराचे महत्त्व आहे. आठ मिलिमीटर व्यासाच्या एका बुडबुड्यातील हवेचे दोन मिलिमीटरचे चौसष्ट बुडबुडे होतात, आणि हवा तेवढीच असूनही पाण्यास भिडणारे क्षेत्र चौपट होते. शिवाय बारीक बुडबुडा सावकाश चढतो. दोन मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारणपणे एक वीत वर येतो. त्यामुळे त्याचा पाण्याशी सहवास अधिक वेळ राहतो. स्वच्छ पाण्यात बारीक बुडबुड्यांच्या विसरकाने दर मीटर खोलीमागे सोडलेल्या प्राणवायूपैकी सुमारे सहा टक्के विरघळतो. साध्या भोकांच्या नळीने त्याच्या निम्मादेखील विरघळत नाही. बाकीचा सर्व प्राणवायू पृष्ठभागावर येऊन पुन्हा हवेत मिसळतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दुकानात दाखविण्यासाठी टाकीत मोठी उकळी फुटल्यासारखा देखावा केला जातो व गिऱ्हाईक त्यावर भुलते. परंतु फुटलेली उकळी म्हणजे बव्हंशी वाया गेलेली हवा होय. उकळीने पाणी ढवळले जाते एवढा तिचा गुण मान्य केला पाहिजे. जीवामृताचे पिंप दिवसातून दोनदा काठीने ढवळतात त्यात हेच तत्त्व आहे. उलट छिद्र जितके बारीक तितके ते लवकर बुजते आणि तितका ब्लोअरवर ताण अधिक, म्हणून बारकाईसही मर्यादा आहेच. खोलीचा हिशेबही असाच दुधारी आहे. पाणी खोल असेल तर बुडबुड्याचा प्रवास लांबतो, पण दर मीटर पाण्यामागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक दशांश किलोग्रॅम इतका दाब ब्लोअरला सोसावा लागतो. काचेच्या पेटीतील शोभेच्या माशांसाठी मिळणारा लहान पंप तीन मीटर खोल तळ्यात निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने.

काचेची पेटी व तिच्यातील हवेचा दगड हे विसरकाचे सर्वांच्या पाहण्यातील उदाहरण. बाजारात जिवंत मासे ज्या टाक्यांत ठेवतात तेथेही तोच असतो. थंड हवा खोलीभर पसरविणाऱ्या छतातील जाळ्यांनाही डिफ्यूझरच म्हणतात, पण त्यांच्याशी आपणास येथे कर्तव्य नाही. कारखान्यांत हवा-विसरकाचे कार्य फार मोठे आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला व तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन देणारी बुरशी प्रचंड बंद टाक्यांत वाढवितात. तिला तळातून निर्जंतुक हवा अखंड द्यावी लागते, नाही तर ती गुदमरते. पाव भाजण्याचे यीस्ट याच रीतीने वाढते. लोहाचा अंश असलेल्या पाण्यात हवा सोडली की लोह तांबूस गाळ होऊन खाली बसते, आणि ते गाळून घेतल्यास ठिबकची छिद्रे बुजत नाहीत. साखर कारखाने व दूध डेअऱ्या यांचे सांडपाणी स्वच्छ करताना हवा देण्याच्या टाक्या असतात.

सांडपाण्याच्या या उपयोगाचा इतिहास कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहराच्या डेव्हीहल्म येथील केंद्रात एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट या दोघांनी बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडली. पाणी पूर्णपणे शुद्ध होण्यास प्रथम सुमारे पाच आठवडे लागले. इतका वेळ कोणत्या शहरास परवडणार? परंतु त्यांनी वरचे पाणी ओतून दिले, तळाशी बसलेला गाळ मात्र टाकला नाही, आणि त्यावरच नवे सांडपाणी घेऊन पुन्हा हवा दिली. असे वारंवार केल्यावर तेच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले. गाळात वाढलेले सूक्ष्म जंतू हे खरे कामकरी होते; हवा हा त्यांचा श्वास होता. हे संशोधन १९१४ साली प्रसिद्ध झाले आणि ‘सक्रिय गाळ’ पद्धत या नावाने जगभर पसरले. ज्यांच्या प्रेरणेने हे प्रयोग झाले ते गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, असा या शोधाचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे.

तथापि शहरास जे शोभते ते प्रत्येक खेड्यास शोभेलच असे नाही. स्वच्छ भारत अभियानाचा ग्रामीण भागातील दुसरा टप्पा २०२० साली सुरू झाला, तेव्हापासून गावच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठीही निधी मिळू लागला आणि ब्लोअर-विसरकांसह तयार संयंत्रे विकणारे ग्रामपंचायतींच्या कचेरीत येऊ लागले. अशा संयंत्रास लागणाऱ्या विजेपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक वीज एकट्या हवेवर खर्च होते. वीजबिल थकले अथवा मोटार जळाली की गाळातील जंतू गुदमरतात, विसरकाच्या चिरांवर शेवाळी थर बसतो, आणि संयंत्राच्या जागी दुर्गंधी सुटणारी एक टाकी उरते. ज्या गावाजवळ थोडी पडीक जमीन आहे त्या गावाने मीटर-दीड मीटर खोलीची उथळ स्थिरीकरण तळी करावीत. तेथे शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते. त्यास ना ब्लोअर लागतो ना बिल येते. जमीन मुळीच नसेल, वस्ती दाट असेल, आणि वीज व देखभालीचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात धरण्याची तयारी असेल, तरच विसरकाच्या संयंत्रास ग्रामसभेने संमती द्यावी.

शेवाळाचा हा जो गुण सांगितला, तोच शेततळ्यातील संकटाचे मूळ आहे. तळ्याचे हिरवे पाणी म्हणजे असंख्य सूक्ष्म शेवाळ. दिवसा ते प्राणवायू निर्माण करते. ऐन दुपारी पाण्यातील प्रमाण दहा मिलिग्रॅमच्याही वर गेलेले आढळते. सूर्य मावळताच निर्मिती थांबते, पण श्वसन थांबत नाही. मासे, शेवाळ, तळाशी कुजणारे खाद्य व विष्ठा हे सर्व रात्रभर त्याच साठ्यावर जगतात. म्हणून प्राणवायू सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या थोडा आधी. कटला-रोहूसारख्या माशांस लिटरमागे पाच मिलिग्रॅम असल्यास ते चांगले वाढतात, तीनच्या खाली त्यांची वाढ व भूक मंदावते, आणि एकच्या आसपास ते मरू लागतात. दिवसभर आभाळ भरलेले राहिले तर साठा मुळातच कमी होतो. श्रावणातील कुंद हवेत किंवा वैशाखात पाणी आटलेले असताना हा धोका विशेष असतो. पंगस पृष्ठभागावर येऊन हवा गिळू शकतो, त्यामुळे तो तग धरतो, आणि त्याच्याकडे पाहून शेतकऱ्याची फसगत होते.

आता हिशेब करू. तोंडाशी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व तीन मीटर खोल, दीडास एक उताराचे शेततळे भरले असता त्यात सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. समजा, मासे दाट आहेत व खाद्य सढळ हाताने पडते. अशा तळ्यात रात्री दर तासाला लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो असे धरू. रात्री आठ वाजता सहा मिलिग्रॅम असतील तर बाराला चार, पहाटे चारला दोन आणि सहाला एक उरेल. मासे वर येऊन तोंडे उघडतात ते साधारण चारनंतर, आणि शेतकरी धावत जाऊन ब्लोअर सुरू करतो तोही त्याच वेळी.

एक अश्वशक्तीचा ब्लोअर अडीच मीटर खोलीवर तासाला सुमारे ५० घनमीटर हवा सोडू शकेल. तिच्यात १४ किलोग्रॅम प्राणवायू असतो. पण वर सांगितलेले टक्के प्रयोगशाळेतील स्वच्छ व प्राणवायूरहित पाण्याचे आहेत. तळ्यात ते बरेच घटतात. लिटरमागे दोन मिलिग्रॅम असताना शेकडा पाच धरणे वाजवी होय. म्हणजे तासाला सातशे ग्रॅम प्राणवायू पाण्यात शिरतो, आणि तळे तासाला एक किलोग्रॅम खाऊन टाकते. चार वाजता सुरू केलेल्या यंत्राने सहा वाजता एकाऐवजी फार तर पावणेदोन मिलिग्रॅम उरतील. विसरकाभोवतीच्या पाण्यात काही मासे आश्रय घेतील, हा थोडा लाभ आहे. परंतु तळे त्याने वाचत नाही.

हेच यंत्र मध्यरात्री सुरू केले असते तर पहाटे अडीच मिलिग्रॅमच्या थोडे वर उरले असते. मग दिवेलागणीसच सुरू का करू नये? कारण पाण्यात प्राणवायू जितका अधिक, तितका बाहेरचा प्राणवायू त्यात हळू शिरतो. आठ वाजता सुरू केल्यास विजेचा खर्च जवळजवळ दुपटीच्या घरात जातो आणि सकाळी मिळतात तीन मिलिग्रॅम. म्हणजे फरक अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. त्याऐवजी दोन अश्वशक्ती मध्यरात्रीपासून चालविल्यास पहाटे पावणेचारच्या आसपास प्रमाण राहते. आणि समजा, यंत्र मुळीच नाही, पण मासे विरळ सोडले व खाद्य आवरले, त्यामुळे रात्रीचा खर्च तासाला अर्ध्याऐवजी तीन दशांश मिलिग्रॅम झाला. दहा तासांत तीन मिलिग्रॅम गेले, पहाटे तीन उरले. रात्रभर यंत्र चालवून जे मिळाले तेच येथे खाद्याच्या पोत्यातून वाचले.

हे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येक तळ्याचा खर्च निराळा. पण विसरक विकत घेताना अधिक मासे सोडण्याचा परवाना मिळाला असे जे अनेकांस वाटते, त्यास आमचा विरोध का आहे हे यावरून कळेल. यंत्राच्या भरवशावर दाट मासे सोडलेल्या तळ्यात एक रात्र वीज गेली तर ती रात्र पूर्वीपेक्षाही घातक ठरते.

विजेचा प्रश्न तर आणखी बिकट आहे. पिकांस दिवसा पाणी देता यावे म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना राबविली जात आहे, आणि सौर पंपही शेतोशेती बसत आहेत. रात्रीअपरात्री अंधारात, सापविंचवांत पाणी धरण्याच्या जाचातून त्यामुळे शेतकऱ्याची सुटका होत आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु मासे दिवसा गुदमरत नाहीत. ज्या तळ्यात ऐन दुपारी प्राणवायू मुळातच भरपूर साठलेला आहे, तेथे दिवसाच्या विजेवर विसरक चालविल्यास तो प्राणवायू वाढण्याऐवजी बुडबुड्यांबरोबर बाहेर निघून जातो. असे उद्योग आम्ही पाहिले आहेत. बिचारा मालक दिवसभर यंत्र चालवून निर्धास्त झोपी जातो. ज्याच्याकडे रात्रीची खात्रीची वीज, साठवणीची बॅटरी अथवा लहान जनित्र यांपैकी काहीच नाही, त्याने विसरकात पैसे घालू नयेत, असे स्पष्ट सांगण्याचे धैर्य कार्यकर्त्याने दाखवावे. शेतीच्या वीजपुरवठ्याचे नियोजन करणाऱ्यांनीही मत्स्यपालन होणाऱ्या शेततळ्यांसाठी रात्रीच्या थोड्याशा विजेची वेगळी सोय करावी, अशी आमची सूचना आहे. पंपाच्या मानाने ही गरज अल्प असते.

तळे कसे आहे यावरही निवड अवलंबून आहे. मीटर-दीड मीटर खोलीच्या मातीच्या तळ्यात बुडबुड्यास प्रवासच थोडा, म्हणून तेथे पाण्यावर तरंगणारे वल्ह्यांचे चाक त्याच विजेत अधिक प्राणवायू देते. तीन मीटर व त्याहून खोल अशा कागदाच्या तळ्यात मात्र विसरकास न्याय मिळतो. त्याची मोटार काठावर कोरड्या जागी राहते, पाण्यात विजेची तार जात नाही, ही त्याची जमेची बाजू लहान मुले वावरणाऱ्या शेतावर फार मोलाची आहे. ज्याच्याकडे या दोहोंपैकी काही नाही, पण उपसा पंप आहे, त्याने अडचणीच्या रात्री तळ्यातलेच पाणी उचलून भोके पाडलेल्या नळीतून उंचावरून पुन्हा तळ्यात पाडावे. थेंब होऊन पडणाऱ्या पाण्यास हवा लागते. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी आणून सोडणार असाल तर तेही असेच पाडावे, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू बहुधा फार कमी असतो.

खोल तळ्यात विसरक बसविताना एक चूक प्राणघातक ठरते. महिनोन्‌महिने स्थिर राहिलेल्या पाण्याचे थर बनतात. वरचा थर उबदार व प्राणवायूयुक्त, खालचा थंड, कुजकट व प्राणवायूहीन. अशा तळ्यात नवे यंत्र थेट तळाशी ठेवून रात्री पूर्ण जोराने सुरू केले, तर खालचे घाण पाणी एकदम वर येते आणि जे मासे अन्यथा जगले असते तेही मरतात. आरंभी तीन-चार दिवस विसरक मध्यावर टांगून, भर दुपारी तास-दोन तासच चालवावा. मग रोज थोडा खाली सोडत न्यावा. दुपारी यंत्र चालविण्यास वर आम्ही हरकत घेतली आहे, परंतु हा अपवाद ढवळण्यासाठी आहे, हवा भरण्यासाठी नव्हे. विसरक कागदावर टेकू देऊ नये. कडा घासून कागद फाटतो. वजन बांधलेल्या लहान चौकटीवर तळापासून हातभर उंच ठेवणे बरे. ब्लोअर पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवावा व नळीत उलट प्रवाह रोखणारी झडप घालावी. एरवी वीज जाताच पाणी उलटे चढून ब्लोअरमध्ये शिरते. वंगण लागणारे गॅरेजमधील कॉम्प्रेसर यासाठी वापरू नयेत, कारण तेलाचा अंश हवेबरोबर पाण्यात उतरतो. ब्लोअरच्या तोंडावरील गाळणी धुळीने भरते, ती दर आठवड्यास झटकावी. बुडबुडे जाड दिसू लागले किंवा ब्लोअर अधिक गरम होऊ लागला की विसरक वर काढून मऊ कुंचल्याने घासावा. क्षारयुक्त पाण्याच्या भागात पांढरा थर बसतो. दगडाचा विसरक व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवल्यास तो सुटतो.

मोजणीविषयी शेवटी, कारण आमच्या दृष्टीने ती यंत्राहून आधीची आहे. पाण्यातील प्राणवायू मोजण्याची रासायनिक साधनपेटी मिळते. बाटलीत पाणी घेऊन, तिच्यातील द्रावणे क्रमाने घालून, रंग जाईपर्यंत थेंब मोजावयाचे असतात; शाळेतील नववी-दहावीचा मुलगा वा मुलगी हे दोन वेळा दाखविल्यावर अचूक करते. विजेरीवर चालणारा मीटरही मिळतो. त्याची किंमत एकट्या शेतकऱ्यास जड वाटेल. परंतु दहा-पंधरा तळी असलेल्या गावच्या गटास, उत्पादक कंपनीस अथवा सहकारी संस्थेस ती जड नाही, आणि एका तळ्यातील मेलेल्या माशांच्या किमतीपुढे तर नाहीच. तोपर्यंत काळ्या-पांढऱ्या रंगाची वीतभर व्यासाची तबकडी दोरीने पाण्यात सोडावी. ३० ते ४० सेंटिमीटरवर ती दिसेनाशी होत असेल तर पाणी ठीक. २० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली तर शेवाळ फार दाट झाले आहे, आणि त्या दिवसापासून खाद्य निम्म्यावर आणावे व रात्री लक्ष ठेवावे.

कार्यकर्त्याने तळ्याच्या भेटीसाठी सकाळी अकराची वेळ ठरवू नये. त्या वेळी प्रत्येक तळे निरोगी दिसते. सूर्योदयापूर्वी, आणि पुन्हा सायंकाळी सूर्य मावळताना, अशा दोन नोंदी एकाच दिवशी घ्याव्यात. दोहोंतील अंतरास रात्रीच्या तासांनी भागले की त्या तळ्याचा ताशी खर्च हाती येतो, आणि वर मांडलेला हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करता येतो. आभाळ भरलेल्या एका दिवसाची नोंद स्वच्छ उन्हाच्या चार दिवसांच्या नोंदींहून अधिक कामाची असते, तेव्हा ती चुकवू नये. वही तळ्याच्या मालकाकडेच ठेवावी व तीत पाण्याचे तपमान, त्या दिवशी टाकलेले खाद्य आणि वीज किती वेळ होती हेही लिहावे.